डिकीत धडधड, सीटवर शांतता: एका बारा इंची सबवूफरचं प्रकरण

डिकी उघडून गाडीच्या मागे उभं राहिलं की अंगातला शर्ट हलायचा. डिकी बंद करून पुढच्या सीटवर येऊन बसलं की तोच बेस कुणी उशीखाली दाबून धरल्यासारखा वाटायचा. मावसभावाची तक्रार एका वाक्याची होती: "दादा, मागच्या गाडीवाल्याला ऐकू जातं, मला जात नाही." उपायही त्याने ठरवून टाकला होता. आणखी एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा मोठा स्पीकर, आणि त्याला ताकद पुरवायला मोठा ॲम्प. मी त्याला महिनाभर थांबायला सांगितलं. नेहमी होणारे जवळजवळ सगळे दोष या एकाच गाडीत निघाले आणि ते शोधताना एका ठिकाणी मी स्वतःही तोंडावर आपटलो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गाडी चार दारांची सेडान, म्हणजे डिकी वेगळी आणि तिच्यात व केबिनमध्ये मागच्या सीटची भिंत. बारा इंची सबवूफर, त्यात चार ओहम रोधाच्या दोन कॉइल (स्पीकर हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या), सलग सोसायची ताकद ५०० वॅट. मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प, दोन ओहमवर ५०० आणि चार ओहमवर ३०० वॅट देणारा. बॉक्स तयार मिळणारा, पूर्ण बंद. तो मागच्या सीटला टेकवून ठेवलेला, सबवूफरचं तोंड पुढे, सीटकडे. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर, त्यांना वेगळा चार चॅनलचा ॲम्प. ही सगळी जोडणी त्याने स्वतः, आकृत्या बघून केलेली. सामान चांगलं होतं. कागदावर या गाडीत बेस कमी असायचं काहीच कारण नव्हतं.

आधी मोजलं

ड्रायव्हरचं डोकं जिथे असतं तिथे मापनाचा यूएसबी माइक लावला आणि लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड या मोफत प्रोग्रॅममधून २० ते २०० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) सरकत जाणारा सूर वाजवला. माइक नसेल तर फोनही चालतो, पण एक लक्षात ठेवायचं. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे खालच्या कंपनांना तो बराच बहिरा असतो. एकाच फोनने, एकाच जागेवरून घेतलेलं 'आधी' आणि 'नंतर' ताडून बघायला तो पुरतो. फोनवर ३० हर्ट्झ दिसत नाहीत म्हणून गाडीत ते नाहीतच, असं मात्र समजू नये.

आलेख बघताच तक्रार कळली. ४५ ते ५५ हर्ट्झच्या आसपास उंचवटा, ३५ च्या खाली उतार, आणि ७२ हर्ट्झला एक खड्डा, आजूबाजूच्या पातळीपेक्षा साधारण १२ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं एकक) खोल. किक ड्रमचा छातीत बसणारा ठोका बहुतांशी ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. खड्डा नेमका त्याच पट्ट्यात. म्हणजे घुमणं शिल्लक राहिलं होतं आणि ठोका गेला होता. आवाज वाढवला की घुमणं वाढे, नंबर प्लेट खडखडे, ठोका काही येत नसे.

असा खड्डा इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या सोयीने, भरायची घाई भल्याभल्यांना होते. पण ध्वनीच्या दोन लाटा एकमेकींना खोडत असल्यामुळे खड्डा पडला असेल, तर तुम्ही वाढवलेला आवाजही त्याच प्रमाणात खोडला जातो. वर १० डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्पकडे दहापट वॅट मागायचे. खड्डा राहतो तिथेच, आणि कॉइल तापते.

इथे मी चुकलो

७० ते ८० च्या मधला खड्डा दिसला की अनुभवी माणसाच्या डोक्यात पहिलं येतं ते म्हणजे उलटी पोलॅरिटी. सबवूफरचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येत असताना दारातले कोन आत जात असतील, तर जिथे दोघंही वाजतात त्या पट्ट्यात एकमेकांचा आवाज मारतात. मी लगेच सबवूफरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या केल्या. खड्डा किंचित सरकला. सबवूफरने कुठल्या सुरापर्यंत वाजायचं ते ठरवणाऱ्या फिल्टरचा आकडा ९० केला, ७० केला, उतार बदलला. तासभर गेला, आलेख दर वेळी थोडा वेगळा, खड्डा जिथल्या तिथे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं: दारांचे स्पीकर बंद करून एकटा सबवूफर मोजला. खड्डा तसाच. एकटाच वाजत असताना ज्याला कुणी खोडणारा नाही, त्याच्यात खड्डा असेल तर पोलॅरिटीचा संबंधच नाही. सबवूफर स्वतःच स्वतःला खोडत होता.

कसं, ते हिशेबाने दिसतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ७२ हर्ट्झची एक लाट पावणेपाच मीटर लांब, अर्धी लाट सुमारे २.४ मीटर. बॉक्स सीटला टेकलेला, कोन सीटकडे. आवाजाचा एक भाग सीटमधून सरळ पुढे जायचा. दुसरा भाग बॉक्सला वळसा घालून डिकीच्या मागच्या भिंतीपर्यंत जायचा आणि आपटून परत यायचा. टेप लावला तर कोनापासून मागच्या भिंतीपर्यंत वळशासकट १.२ मीटर, जाऊन-येऊन २.४. म्हणजे परतणारा आवाज बरोबर अर्धी लाट उशिरा पोहोचत होता. पुढे जाणारी लाट चढत असताना ही उतरत होती.

बॉक्स ओढून डिकीच्या मागच्या टोकाला नेला आणि तोंड मागे फिरवलं. कोन आणि डिकीची भिंत यांत १५ सेंटीमीटर मोकळं ठेवलं, कोन पुढे-मागे हलताना कशाला लागू नये एवढं. आता मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांच्या वाटेत फरक ३० सेंटीमीटरचा. तो खोडाखोड करतो ती ५७० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे सबवूफर वाजतच नाही. पुन्हा मोजलं. ७२ चा खड्डा नऊ-दहा डेसिबलने भरून आला होता. या कामाला दहा मिनिटं लागली आणि एकही वस्तू विकत घ्यावी लागली नाही. मागच्या सीटमधली हातटेक्याची झडप उघडली, तर ४० हर्ट्झच्या आसपास आणखी तीनेक डेसिबल मिळाले. डिकीतला आवाज केबिनमध्ये यायला वाट हवी, एवढं साधं.

प्रत्येक सेडानमध्ये हीच जागा सर्वोत्तम ठरेल असं नाही. बॉक्स सैल ठेवून चार-पाच जागा, दोन-तीन दिशा मोजून बघाव्यात आणि मगच तो पक्का करावा. पक्का मात्र करायचाच. जोरात ब्रेक लागला की वीस किलोचा मोकळा बॉक्स सीटच्या पाठीवर येतो. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघावं, कारण बऱ्याच गाड्यांत इंधनाची टाकी तिथेच असते.

वॅट कुठे हरवत होते

जागा सुधारली तरी एकूण जोर ५०० वॅटच्या मानाने कमीच वाटत होता. ॲम्पची वायर सोडून सबवूफरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला: ७.२ ओहम. चार ओहमच्या कॉइलचा नुसता डीसी रोध साधारण साडेतीन ते पावणेचार ओहम भरतो. म्हणजे दोन्ही कॉइल एकामागे एक, मालिकेत जोडलेल्या आणि ॲम्पला दिसत होते आठ ओहम. दोन ओहमवर ५०० देणारा ॲम्प आठवर जेमतेम सव्वाशे-दीडशे वॅट देणार. ॲम्प दोन ओहमचा भार सोसतो हे पुस्तिकेत तपासून दोन्ही कॉइल समांतर जोडल्या. चौपट वॅट म्हणजे सहा डेसिबल. दुसरा तसाच सबवूफर घेऊन त्याला तेवढीच ताकद दिली असती, तर त्यातूनही सहाच मिळाले असते. ते सहा इथे दोन वायरींच्या जागेत लपले होते.

त्यातून पुढचा दोष वर आला. ५० हर्ट्झचा सूर पूर्ण ताकदीवर क्षणभर वाजवला. बॅटरीवर १३.४ व्होल्ट होते, ॲम्पच्या टोकांवर ११.६. मधले १.८ व्होल्ट वाटेत जळत होते. ॲम्पच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजले: १.१ व्होल्ट. फ्यूजच्या घरात ०.२ आणि उरलेले अर्धा व्होल्ट प्लसच्या वायरीत. असा ॲम्प पूर्ण जोरात ४५-५० अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहात एका सैल जोडाचा शून्य पूर्णांक काहीतरी ओहमसुद्धा भारी पडतो.

ग्राउंडची रिंग डिकीच्या पत्र्यावर थेट रंगावर आवळलेली होती. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून गंज न लागण्यासाठी ग्रीस लावलं. सीटबेल्टच्या बोल्टला ग्राउंड जोडू नये. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी ठरावीक जोराने आवळलेला असतो, त्याच्याशी खेळ नको. प्लसची आठ गेजची वायर काढून चार गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) अस्सल तांब्याची टाकली. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी बाहेरून तशाच दिसतात, पण तेवढ्याच जाडीत वीज बरीच कमी वाहून नेतात. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आणला. आता सगळी घट मिळून ०.४ व्होल्टच्या आत.

यातून मिळालं किती? आवाजात जेमतेम एक डेसिबल. "ग्राउंड नीट केला आणि बेस दुप्पट झाला" असं सांगणारे भेटतात. माझ्या मोजमापात तसं कधी आलेलं नाही. दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. मिळालं ते वेगळं: ठोक्याला दिवे मंदावायचे थांबले आणि मोठ्या आवाजात ॲम्प कोरडा पडून जी फाटकी घरघर यायची ती गेली. दोन ओहमवर ॲम्प चालवायचा असेल तर हे काम टाळता येत नाही, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

दारं आणि डिकी एका सुरात

आता कुठे पोलॅरिटीचा प्रश्न विचारायची वेळ आली. सबवूफरचा लो-पास फिल्टर (आकड्याखालचेच सूर जाऊ देणारा) १२० हर्ट्झवर होता आणि दारांच्या स्पीकरांना हाय-पास (आकड्यावरचेच सूर जाऊ देणारा) नव्हताच. म्हणजे ५० पासून १२० पर्यंत दोघंही तेच वाजवत होते. साडेसहा इंची कोन ५० हर्ट्झला धडपडत होता, आणि डिकीतून १२० पर्यंत आवाज आल्यामुळे बेस पाठीमागून येतोय हे कानाला कळत होतं. दोन्हीकडे ८० हर्ट्झ, दर सप्तकाला (हर्ट्झ दुप्पट किंवा निम्मे होतात तेवढ्या अंतराला) २४ डेसिबल उतार, असं केलं.

दोघं मिळून मोजले तर ८० च्या आसपास लहानसा खड्डा. सबवूफर उलटा जोडला की चार डेसिबल भरून यायचे. बरेच जण इथे थांबतात, मीही थांबलो असतो. पण हेड युनिटमध्ये, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मुख्य प्लेअरमध्ये, वेळेचा विलंब देण्याची सोय होती. ड्रायव्हरच्या कानापासून सबवूफर २.६ मीटरवर, उजव्या-डाव्यापैकी जवळचा दाराचा स्पीकर १.१ मीटरवर. फरक दीड मीटर, म्हणजे सबवूफरचा आवाज ४.४ मिलिसेकंद मागे. ८० हर्ट्झचा एक फेरा १२.५ मिलिसेकंदांचा, म्हणजे हा उशीर फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. अर्ध्या फेऱ्याच्या तो जास्त जवळ आहे, म्हणूनच पोलॅरिटी उलटी केल्यावर बरं वाटत होतं. ते अर्धवट औषध होतं.

जवळच्या स्पीकरला ४.४ मिलिसेकंद थांबवलं, लांबच्याला त्याच्या अंतराप्रमाणे कमी, आणि सबवूफरच्या वायरी पुन्हा सुलट केल्या. फिल्टर स्वतःही थोडा उशीर करतात, त्यामुळे टेपचा आकडा ही फक्त सुरुवात असते. ८० हर्ट्झचा सूर चालू ठेवून विलंब थोडाथोडा बदलत गेलो आणि सर्वांत मोठा आवाज आला तिथे थांबलो. त्यानंतर जे झालं ते आलेखात दिसत नाही: बेस डिकीतून उठून डॅशबोर्डवर येऊन बसला. मावसभावाने मागे वळून बघितलं, सबवूफर चालू आहे ना म्हणून.

गेन

ॲम्पवरचा गेन तीन-चतुर्थांश फिरवलेला होता आणि बेस बूस्ट ४५ हर्ट्झला नऊ डेसिबल. नऊ डेसिबल म्हणजे आठपट वॅट. आलेखातला तो उंचवटा इथून आलेला. एखादं गाणं ४५ च्या जवळ गेलं की ॲम्प तिथेच संपायचा आणि बाकीच्या सुरांना काही उरायचं नाही. बूस्ट शून्यावर आणला.

गेन हा आवाजाचा खटका नव्हे. हेड युनिटकडून येणारा सिग्नल आणि ॲम्पची पूर्ण ताकद यांची जुळणी करायला तो असतो. सबवूफर सोडला, हेड युनिट तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवलं, ५० हर्ट्झचा सूर लावला आणि ॲम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. ५०० वॅट गुणिले दोन ओहम, १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६. मीटरवर साडेएकतीस व्होल्ट दिसेपर्यंत गेन फिरवला आणि तिथे मार्करने खूण केली. खूण आधीच्या जागेच्या बरीच खाली आली. त्याला ते पटेना. "कमी केल्यावर जास्त कसं येईल?" आधी कॉइलपर्यंत पोहोचत होता त्यातला बराचसा भाग कापलेल्या (ॲम्पची ताकद संपल्यामुळे शेंडे छाटलेल्या) लाटांचा होता, हे मी सांगून नाही, ऐकवूनच पटलं.

बॉक्स

हे काम शेवटचं आणि खरं खर्चाचं. तयार बॉक्सची आतली मापं ३६.४, ३४.४ आणि १८.४ सेंटीमीटर, म्हणजे २३ लिटर. सबवूफरचा चुंबक आणि सांगाडा आत शिरून तीनेक लिटर खातात. उरले २०. या सबवूफरच्या कागदावर अनुनाद (कोन ज्या सुराला आपसूक सर्वांत सहज डोलतो तो) २८ हर्ट्झ, क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा, थोडक्यात क्यू) ०.५, आणि व्हीएएस, म्हणजे कोनाला धरून ठेवणाऱ्या लवचिक कडेइतकी लवचिक असणारी हवा, ६० लिटर. हे आकडे वापरायची पद्धत नेव्हिल थीलने १९६१ मध्ये मांडली आणि रिचर्ड स्मॉलने सत्तरीच्या दशकात पूर्ण केली, म्हणून त्यांना थील-स्मॉल मापं म्हणतात. बंद बॉक्सचा हिशेब अगदी सोपा. ६० भागिले २०, अधिक एक, म्हणजे चार. त्याचं वर्गमूळ दोन. बॉक्समध्ये अनुनाद २८ चा ५६ झाला आणि क्यू ०.५ चा १.० झाला. सर्वांत सपाट प्रतिसाद ०.७ ला मिळतो. १.० ला आवाज थोडा फुगीर होतो आणि खालची खोली लवकर संपते. पहिल्या आलेखातला ३५ खालचा उतार यातूनच.

तात्पुरता उपाय म्हणून आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला. हवा दाबली जाते तेव्हा तापते, कापूस ती उष्णता शोषतो आणि बॉक्स आहे त्याहून मोठा असल्यासारखा वागतो. व्यवहारात दहा-पंधरा टक्के मिळतात. अनुनाद ५३ वर आला, बस. त्याच वेळी एक गळतीही सापडली. ३० हर्ट्झच्या सुराला वायरीच्या जोडापाशी फुसफुस येत होती. बंद बॉक्स म्हणजे खरंच बंद हवा. जोडाखाली फोमची गॅस्केट घातली.

मग नवीन बॉक्स: निव्वळ ३४ लिटर, १८ मिलीमीटर एमडीएफ, आत एक आडवी पट्टी. अनुनाद ४६ ते ४७, क्यू ०.८३. साठ लिटरचा केला असता तर पुस्तकी ०.७ मिळाला असता, पण डिकी सामानासाठीही लागते. पोर्टेड, म्हणजे हवा ये-जा करायला नळी (पोर्ट) असलेला बॉक्स का नाही, हे त्याने विचारलंच. ३३ हर्ट्झला लावलेला पोर्टेड बॉक्स त्या भागात जास्त जोर देतो हे खरं. पण त्याला ५५ लिटर आणि वर पोर्टची जागा लागली असती, आणि त्या ३३ च्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही, म्हणून अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर सक्तीचा. बॉक्स लहान, बेस खोल, वॅट कमी, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. हा हॉफमनचा नियम जुना आहे आणि त्यातून कुणी सुटलेलं नाही.

माझा कल बंद बॉक्सकडे होता तो केबिनमुळे. केबिनच्या लांबीपेक्षा अर्धी लाट मोठी झाली की ध्वनी लाटेसारखा फिरत नाही, सगळ्या केबिनचा दाब वर-खाली करतो, आणि खाली जाल तसा त्याला फुकटचा जोर मिळत जातो. २.७ मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ६३ हर्ट्झपासून सुरू होतं. आदर्श हवाबंद केबिनमध्ये ही वाढ सप्तकाला १२ डेसिबल असते, आणि बंद बॉक्सचा उतारही सप्तकाला १२. दोन्ही एकमेकांना सावरतात. खरी गाडी हवाबंद नसते, पत्रे लवचिक असतात, त्यामुळे मिळतं कमी. तरी नवीन बॉक्सनंतर ३० हर्ट्झपर्यंतचा आलेख दिसायला लागला, आणि बेस गिटारची जाड तार, ४१ हर्ट्झची, बाकीच्या तारांइतकीच ठळक आली.

ऐकल्यावर

त्याची पहिली प्रतिक्रिया माझी निराशा करणारी होती: "दादा, आवाज कमी झाला का?" ४५ हर्ट्झचं घुमणं गेलं होतं आणि कानाला त्याचीच सवय होती. मी त्याला आठवडाभर काही बदलू नको म्हणालो. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला की एका गाण्यात ड्रमच्या खाली वेगळी बेस गिटार आहे हे त्याला आत्ता कळलं. हळू आवाजात बेस अजून पातळ वाटतो, पण ते कानाचं वागणं आहे. कमी पातळीवर माणसाला खालचे सूर कमीच ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलंय. त्यासाठी सबवूफरच्या पातळीचं वेगळं बटण स्टिअरिंगजवळ आणून दिलं.

खडखडाटाचं काम अजून चालू आहे. नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी, डिकीच्या झाकणाच्या दांड्यांवर रबर, मागच्या काचेखालच्या ट्रेला फेल्ट, एवढं झालं. डिकीच्या कोपऱ्यातली हवा जायची जाळी मात्र मुद्दाम मोकळी ठेवली, ती गाडीची असते आणि बुजवायची नसते. तरी ३७ हर्ट्झला उजव्या बाजूने काहीतरी किणकिणतं. मी सूर लावून धरतो, तो डिकीत डोकं घालून एकेक जागा हाताने दाबत बसतो, आणि नेमकी ती जागा अजून हाती लागलेली नाही.